जुन्या टीव्हीचा आवाज: उघडण्याआधी नीट ऐका

प्रश्न असा आहे. खानापूरजवळच्या एका गावातून एका तरुणाने लिहिलंय की घरी आजोबांचा लाकडी शटरचा, ५१ सेंटिमीटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे. सेट-टॉप बॉक्स आणि मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र आणि आवाज टीव्हीच्या अँटेना सॉकेटमधून जाईल असा करणारा डबा) लावून चित्र छान येतं, आवाजाच्या मात्र तीन तक्रारी आहेत. सेट लावल्यापासून भणभण असते, आवाज मोठा केला की फाटतो, आणि अर्ध्या तासाने एकदम बंद होतो. बाजूला थाप मारली की परत येतो. आजोबा अजून रोज त्याच्यासमोर बसतात, म्हणून टाकायचा नाही, असंही लिहिलंय.

टाकू नका. मी बेळगावात १९८३ पासून हेच काम करतोय, आणि तुमचं पत्र वाचून मला चिंतेपेक्षा आनंद जास्त झाला. चित्र चांगलं आहे म्हणजे ट्यूनर, आयएफ (ट्यूनरकडून आलेला सिग्नल मोठा करणारा भाग), लाइन आउटपुट, पिक्चर ट्यूब, म्हणजे जे आज मिळणं अवघड आहे ते सगळं शाबूत आहे. आवाजाचा भाग त्या मानाने लहान असतो. एक-दोन आयसी, एखाददुसरी कॉइल, काही कंडेन्सर, व्हॉल्यूम आणि स्पीकर. हे सगळं अजून दुरुस्त होतं.

आधी एक करा, थाप मारणं आजपासून बंद. थापेने आवाज येतो तो सुटलेला सांधा क्षणभर टेकतो म्हणून. रोज मारत राहिलात तर तो सांधा रुंदावतो आणि शेजारचे दोन सुटतात.

मग कव्हर न काढता सेटसमोर बसा आणि ऐका. आमच्याकडे पोरं शिकायला येतात ती पहिल्या मिनिटाला स्क्रूड्रायव्हर उचलतात. मी त्यांना तो खाली ठेवायला लावतो. व्हॉल्यूम पूर्ण शून्य करा. भणभण तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातून, म्हणजे आउटपुटमधून (स्पीकरला आवाज देणारा शेवटचा भाग) किंवा पॉवर सप्लायमधून येतेय. व्हॉल्यूमबरोबर तीही गेली तर ती आधीच्या भागातून, सिग्नलबरोबर येतेय. दुसरं, पडद्यावर पांढरी अक्षरं आली, बातम्यांची पट्टी आली की भणभण वाढते का बघा. वाढत असेल तर सप्लायच्या मागे लागू नका, तो निराळा रोग आहे. तिसरं, थंड सेटमध्ये आणि तापलेल्या सेटमध्ये आवाजात काय फरक पडतो ते घड्याळ लावून टिपून ठेवा. या तीन गोष्टी कळल्या की कव्हर काढायच्या आधीच बिघाड कुठल्या कोपऱ्यात आहे ते बहुतेक ठरतं.

तुम्ही मॉड्युलेटर वापरता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. गेली काही वर्षं माझ्याकडे "काका, चित्र झकास येतंय खरं आवाज येईना झालाय बगा" म्हणून जे सेट येतात, त्यातल्या बऱ्याच सेटमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. भारतात दूरदर्शनने जी पद्धत घेतली ती पाल-बी. तिच्यात चित्राच्या कॅरियरपासून (चित्र वाहून आणणारी रेडिओ लहर) आवाजाचा कॅरियर ५.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपले सगळे जुने सेट त्यालाच जुळवलेले आहेत. मॉड्युलेटर किंवा सेट-टॉप बॉक्स मात्र बाहेरच्या देशांसाठीही बनवलेले असतात. त्यांच्यावर किंवा त्यांच्या मेनूत बी-जी, आय, डी-के असे पर्याय असतात. आय म्हणजे ६.० आणि डी-के म्हणजे ६.५ मेगाहर्ट्झ. चुकून तिथे गेलं की चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी नुसती सूंऽऽ किंवा खरखर. बी-जी, म्हणजे आपलं ५.५, करून बघा. गेल्या पावसाळ्यात एका आजींनी सहा महिने मुका टीव्ही पाहिला होता. मी मेनूत एक ओळ बदलली आणि त्या डोळे पुसायला लागल्या. असा बिघाड माझ्या हातून सुटू नये म्हणून आता सेटबरोबर मॉड्युलेटर आणाच, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पांढऱ्या अक्षरांवर वाढणारी भणभणही पुष्कळदा याच डब्यातून येते. आपल्या पद्धतीत चित्र जितकं पांढरं तितका चित्राचा कॅरियर लहान होतो, अगदी शुभ्र जागी सुमारे १० टक्केच उरतो. सेटमधला ५.५ मेगाहर्ट्झचा सिग्नल चित्र आणि आवाज या दोन कॅरियरच्या फरकातून तयार होतो. मॉड्युलेटरला व्हिडिओ गरजेपेक्षा जोरात दिला तर पांढऱ्या अक्षरांपाशी कॅरियर जवळजवळ नाहीसाच होतो. एक कॅरियर गेला की फरक कुठून येणार? आवाज तेवढ्यापुरता तुटतो. सेकंदाला ५० वेळा फिल्ड (एक सोडून एक ओळींचं अर्धं चित्र) बदलते तसा हा तुटण्याचा क्रम चालतो आणि स्पीकरमधून भर्रर्र ऐकू येतं. त्याला आम्ही बझ म्हणतो. मॉड्युलेटरवर व्हिडिओची पातळी कमी करायचा स्क्रू असेल तर तो थोडा मागे घ्या. नसेल तर सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत कॉन्ट्रास्ट कमी करून बघा. फाइन ट्यूनिंगही अगदी सावकाश फिरवा. चित्र सर्वात धारदार दिसतं तिथे आवाज सर्वात स्वच्छ असेलच असं नाही, दोघांच्या मधली जागा शोधावी लागते.

एवढं करूनही बझ राहिला तर पुढची जागा म्हणजे आवाजाच्या आयसीजवळची डिटेक्टर कॉइल, ५.५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलमधून आवाज वेगळा काढायला मदत करणारी. टीबीए १२० असो की सीए ३०६५, चौकोनी पत्र्याच्या डबीत ही कॉइल असते आणि तिच्या आत फेराइटचा कोअर. वर्षानुवर्षांत तिची जुळणी किंचित सरकते. डबीवर कोअरची आत्ताची दिशा आधी पेन्सिलने खूण करून ठेवा. धातूचा स्क्रूड्रायव्हर आत घालू नका, लोखंड जवळ आलं की जुळणीच बदलते आणि जुना कोअर तडकतो. मी विणकामाची प्लास्टिकची सुई घासून चपटी करून ठेवली आहे, वीस वर्षं तीच वापरतो. पाव फेऱ्याच्या आत-बाहेर जिथे बोलणं स्पष्ट आणि बझ कमी होईल तिथे थांबा. तेवढं फिरवूनही फरक पडला नाही तर खुणेवर परत आणा. रोग तिथे नाही. कृपा करून ट्यूनरच्या आणि आयएफच्या बाकीच्या कॉइलींना हात लावू नका. त्या एकदा हलल्या की चित्रही जातं, आणि ती जुळणी साधनांशिवाय होत नाही.

आता कव्हर काढायची वेळ. इथे मी जरा कडक बोलणार आहे. पिक्चर ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली जी जाड वायर जाते तिच्यावर या सेटमध्ये १५ हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त असतात, आणि सेट बंद केल्यावरही ट्यूब ते बराच वेळ धरून ठेवते. त्या टोपीपासून लांब राहा. आवाजाच्या कामासाठी तिथे जायची गरजच नाही. दुसरं, आपल्याकडचे पुष्कळ मोठे सेट ट्रान्सफॉर्मरशिवायचे आहेत, त्यांचा चॅसिस, म्हणजे आतली धातूची चौकट, सरळ मेन्सला (घरातल्या विजेला) जोडलेला असतो. सेट चालू असताना टेस्टर चॅसिसला लावा, प्लग उलटा करून परत लावा. एकदा जरी लख्ख पेटला तरी चॅसिस लाइव्ह समजा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून वेगळं ठेवणारा) नसेल तर अशा सेटमध्ये चालू असताना हात घालू नका, ते काम माहीतगाराकडे न्या. मॉड्युलेटर अँटेनाच्या सॉकेटला लावता ते ठीक आहे, तिथे आत कंडेन्सर घालून मेन्स अडवलेला असतो. कोणी "एव्हीचं सॉकेट (चित्र-आवाज थेट जोडायचं) काढून देतो" म्हणालं तर मात्र आधी चॅसिस कसला आहे ते विचारा. व्हीसीपीच्या (व्हिडिओ कॅसेट प्लेअरच्या) काळात माझ्याकडे असा एक सेट आला होता. कुठल्यातरी मेकॅनिकने लाइव्ह चॅसिसवरून सॉकेट बाहेर काढलं होतं आणि व्हीसीपीचा सगळा पत्रा मेन्सवर गेला होता. घरातल्या मुलीला जबर झटका बसला. ती वाचली ती पायात चपला होत्या म्हणून. ते सॉकेट मी त्याच दिवशी उखडलं, आणि तेव्हापासून लाइव्ह चॅसिसवर तसलं काम कुणी कितीही आग्रह केला तरी मी करत नाही.

सेट बंद, प्लग भिंतीतून काढलेला, अशा स्थितीत पहिला तपास स्पीकरचा. दोन्ही वायर सोडवून पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. स्वच्छ टक् असा आवाज आला आणि कोन मोकळा हलला तर ठीक. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहमच दाखवतो, तो खराब समजू नका. मग कोनला दोन्ही अंगठ्यांनी चहूबाजूंनी सारखा, हळूच दाबा. खर्र असं घासल्यासारखं जाणवलं तर तुमचा फाटका आवाज तिथेच सापडला.

सेट कुठल्या गावचा हे मी नेहमी विचारतो, त्याचं कारणही हेच. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्रीजवळच्या घरातून आलेल्या स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत लोखंडाची बारीक काळी भुकटी साचलेली असते. चुंबक ती ओढून घेतो आणि व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) तिच्यावर घासते. चिकटपट्टीचा अरुंद तुकडा फटीत फिरवून ती काढता येते, फुंकून निघत नाही. निपाणीकडच्या सेटमध्ये तंबाखूची धूळ व्हॉल्यूममध्ये शिरते, फिरवलं की खर्रर्र. तिथे कार्बनच्या पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाकून नॉब तीस-चाळीस वेळा फिरवला की भागतं, पट्टीच झिजली असेल तर व्हॉल्यूम बदलायचा. आणि तुमचा खानापूर तालुका म्हणजे पाऊस. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला चार महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत. कागदी कोन ओल खाऊन एका बाजूला ओढला जातो, स्पीकरच्या लग्सवर (वायर जोडायच्या पत्र्यांवर) हिरवा काट चढतो, आणि उबेला आलेले उंदीर वायर कुरतडतात. कोन वाकला असेल तर त्याच मापाचा, तेवढ्याच ओहमचा दुसरा स्पीकर बसवा. ४ ओहमचा मिळाला म्हणून ८ च्या जागी लावू नका, आउटपुट आयसी जळू शकते.

स्पीकर चांगला निघाला तर फाटण्याचं कारण आउटपुटमध्ये. त्या काळच्या कितीतरी सेटमध्ये टीबीए ८१० किंवा तीच सीए ८१० नावाची आयसी असते, दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख असलेली. चॅसिस लाइव्ह नसेल किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तरच हे माप घ्या. १ नंबरच्या पायावर सप्लाय आणि १२ नंबरवर आउटपुट. आउटपुटवर सप्लायच्या बरोबर निम्मे व्होल्ट असायला हवेत. १६ व्होल्टचा सप्लाय असेल तर ८ च्या आसपास. निम्मे मिळाले तर आयसी बहुधा चांगली आहे, तिला काढू नका. फार वर गेले किंवा शून्याजवळ आले तर आयसी गेली किंवा तिच्या भोवतीचा एखादा कंडेन्सर शॉर्ट. निम्मे बरोबर आहेत तरी मोठ्या आवाजाला फाटतं, हे चित्र माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा दिसतं, आणि दोष असतो १२ आणि ४ नंबरच्या पायांमधल्या १०० मायक्रोफॅरडच्या बूटस्ट्रॅप कंडेन्सरचा. तो वाळला की वरची निम्मी लाट कापली जाते. आवाज फाटत नाही, पण डब्यातून आल्यासारखा पातळ येतो, असं असेल तर स्पीकरकडे जाणारा मोठा कंडेन्सर बघा, बहुधा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड. हे कंडेन्सर मिळायला कुठे लांब जावं लागत नाही. व्होल्टेज मूळच्या इतकं किंवा जास्त घ्या आणि उणे-अधिक सांभाळा.

भणभण व्हॉल्यूम शून्य केल्यावरही राहत असेल तर ती हमिंग आहे आणि कारण बहुधा सप्लायचा फिल्टर कंडेन्सर. चाळीस वर्षांत त्याच्या आतलं ओलं द्रव्य सुकतं. डोकं फुगलेलं किंवा खाली तपकिरी डाग दिसला तर विचारच करायला नको, तसं दिसलं नाही तरी तो चांगला आहे असं मात्र मानू नका. सेट बंद करून, जुना कंडेन्सर डिस्चार्ज करून, त्याच मापाचा नवा त्याला समांतर जोडा, मग सेट लावा. हमिंग बसली की जुना काढून नवा घाला. पण एकदा संध्याकाळी घरातला व्होल्टेजही मोजा. खेड्यात दिवेलागणीला तो १८० च्या खाली गेला तर सेटमधला रेग्युलेटर हात टेकतो, चित्रावर आडवा पट्टा वर-खाली सरकतो आणि बरोबर हमिंग येते. अशा वेळी सेट निर्दोष असतो, त्याला स्टॅबिलायझर हवा असतो.

आता तुमची तिसरी तक्रार, अर्ध्या तासाने जाणारा आवाज. ही ड्राय सोल्डरची, म्हणजे वरून धड पण आतून सुटलेल्या सांध्याची खूण आहे. मी हा धडा बेळगावातल्या वडगावात शिकलो. तिथल्या एका विणकराच्या घरात पुढच्या खोलीत टीव्ही आणि मागच्या खोलीत दोन यंत्रमाग. माग सुरू झाले की जमिनीतून थरथर यायची आणि टीव्हीचा आवाज जायचा. मी दोनदा आउटपुट आयसी बदलली, दोनदा पैसे घेतले, आणि दोन्ही वेळा आठवड्याने तक्रार परत आली. तिसऱ्यांदा सेट उलटा केला, कडेने टॉर्चचा प्रकाश टाकला आणि भिंग लावून एकेक सांधा पाहिला. आयसीच्या पंखाजवळच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ होती. वरून सोल्डर चकचकीत, आणि पाय मात्र आतल्या आत सुटलेला, दातासारखा हलणारा. आयसी तापली की पाय फुगायचा, मागाच्या थरथरीने सरकायचा. जुना सोल्डर पूर्ण काढून, पाय ब्लेडने खरवडून, राळ लावून नवा डाग दिला. आधीचे पैसे मी परत केले. त्या घरातला सेट पुढे माग बंद झाले तरी चालत होता.

तुमच्या सेटमध्येही तीच रेघ शोधा. आयसीचे पाय, व्हॉल्यूमच्या वायरी जिथे प्लेटला जुळतात ती जागा, स्पीकरचा प्लग, आणि सप्लायकडे जाणारा मोठा, तापणारा रेझिस्टन्स. डोळ्यांना दिसलं नाही तर, सेट सुरक्षित असेल तरच, चालू सेटमध्ये बांबूच्या कोरड्या काडीने एकेक भाग हलकेच टोकरा. ज्याला टोकरल्यावर आवाज ये-जा करेल तिथे दोष. आवाज काडीला दाद देत नसेल आणि फक्त तापल्यावरच जात असेल तर हेअर ड्रायरने लांबून एकेका आयसीवर गरम हवा सोडून बघा, कुठली तापली की आवाज जातो ते कळतं. नवा डाग देताना जुन्यावरच सोल्डर थापू नका.

सेट चालू असताना येणारी अगदी बारीक शीळ वेगळी. ती स्पीकरमधून येत नाही, लाइन ट्रान्सफॉर्मरमधून येते, १५,६२५ हर्ट्झची. लहान मुलांना ऐकू येते, आजोबांना बहुधा येत नसेल. तिच्यासाठी काही करायचं नाही.

आणि कुणाकडे याहून जुना, आवाजाला पीसीएल ८२ किंवा पीसीएल ८६ व्हॉल्व्ह असलेला सेट असेल तर एवढंच: त्यात आवाज फाटू लागला की सेट चालवत राहू नका. व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (आवाजाचा सिग्नल आत जातो ती जाळी) जाणारा कंडेन्सर गळू लागलेला असतो, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर स्वस्तातला, तो ट्रान्सफॉर्मर मात्र आता हाताने गुंडाळून घ्यावा लागतो.

तुमच्या सेटचा क्रम मी असा धरला असता: आज मॉड्युलेटरची बी-जी आणि व्हिडिओची पातळी, उद्या स्पीकर, मग भिंग घेऊन सांधे, आणि त्यानंतरच कंडेन्सर. आयसी सगळ्यात शेवटी. बाजारात टीबीए ८१० म्हणून नवे छाप मारलेले भलतेच तुकडे मिळतात, जुन्या प्लेटवरून काढलेली खरी आयसी त्यापेक्षा भरवशाची.

बेळगावला आणायचा झाला तर गाडीत स्क्रीन सीटच्या पाठीकडे करून, मधे गोधडी घालून ठेवा. मागचा काचेचा नळा कशालाही टेकू देऊ नका. मॉड्युलेटर आणि त्याची वायर बरोबर आणा, भणभण त्याची की सेटची हे दोघं एकत्र असल्याशिवाय मला सांगता येणार नाही. जमलं तर आजोबांनाही घेऊन या. रोज ऐकणाऱ्याला आवाज कधी आणि कसा बदलला ते ठाऊक असतं.